सदुसष्ट दात

बोरीच्या पात्रात जॅकवेलचा खड्डा घेताना
हिलाल कोळ्याच्या फावड्याला लागलं.
बनियनमध्ये गुंडाळून आणलं त्याने
आणि ठेवलं माझ्या काचेवर,
एका उघड्या पोटाच्या एचएमटीशेजारी.
"दादा, हाई काय शे?"

ताटलीएवढं. हिरवं. वर चुन्याचा थर.
मी म्हणालो, तराजूचं काहीतरी असेल, अडतीवरचं.
रात्री चिंचेच्या पाण्यात टाकलं.
सकाळी दात दिसले.

अमळनेरात चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय मी.
मिलचा भोंगा गेला त्या वर्षी
दुकानापुढे रांग होती,
कानाने वेळ ऐकणाऱ्यांना ती एकदम मनगटावर लागली.
आता मी सेल बदलतो.
पण दात मोजायचे म्हटलं की
भिंग अजून आपणहून डोळ्याला चिकटतं.

एका चाकाला बासष्ट.
दुसऱ्याला सदुसष्ट.
खडूची खूण करून, सुईच्या टोकाने पुन्हा मोजले,
मध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबवून.
सदुसष्टच.

कोण शहाणा सदुसष्ट दात पाडेल?
साठ पाड, बहात्तर पाड,
अर्ध्याचं अर्धं, त्याचा तिसरा हिस्सा, कंपास आपला चालत राहतो.
सदुसष्टला कशानेच भाग जात नाही.
हा आकडा कारागिराने निवडलेला नाही.
वरून आला,
आणि हाताने निमूट ऐकला.

पंचांगवाले विसूभाऊ धर्माधिकारी सुपारी कातरत म्हणाले,
"पाच वर्षांत चंद्र नक्षत्रांतून सदुसष्ट फेरे घेतो,
अमावस्या पडतात बासष्ट.
जुना हिशेब आहे. थोडा चुकतो, पण जुना."
मी विचारलं, मधले पाच?
"ते सूर्याचे."
परत येताना सायकलवर बसलोच नाही,
हातात धरून चालत आलो.

कारण त्या दोन चाकांच्या मध्ये
एक तिसरं आहे, पाठुंगळी बसलेलं,
त्याचं काम फक्त वजाबाकी.
ही युक्ती मी एकदाच पाहिली होती,
भावाच्या ट्रॅक्टरचा डिफ्रन्सल उघडला तेव्हा,
ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून.

बायकोला सांगितलं, साठ महिन्यांवर दोन जास्तीचे,
तेही यात निघतात.
ती पोळी उलटत म्हणाली,
"मंग जवाईले धोंडा कव्हय वाढाना ते बी याले माहीत व्हतं?"
होतं.

नातवाची कंपासपेटी घेतली, पुठ्ठ्यावर वर्तुळ काढलं.
तीनदा पाडले सदुसष्ट.
तिन्हीदा शेवटचा दात बारीक आला,
मागच्या सगळ्यांची केसभर केसभर चूक
एकट्याच्या अंगावर घेऊन.

मग भिंग लावून त्याचं चाक पाहिलं.
सुरुवातीच्या खुणेला लागून, अगदी तिथेच,
एक दात वेगळ्या धातूचा.
बारीक आला असणार, मोडला असणार.
कुणीतरी नवा बसवून चांदीचा डाग दिलाय,
कानस इतकी हलकी की नखाला शिवण लागत नाही.

बाकीचे दात एकाच बाजूने झिजलेले.
किती वर्षं फिरल्यावर पितळ असं झिजतं, मला माहीत आहे.
आणि उलटं कुणी एकदाही फिरवलेलं नाही.

जळगावहून साहेब आले, हातमोजे घातलेले.
चिंचेचं ऐकून डोळे मिटले त्यांनी.
मग फोटो काढत "अद्भुत, अद्भुत" म्हणत राहिले.
पावती केली: पितळी वस्तू, नग एक.
मी म्हणालो, पुढे लिहा, एक दात बदललेला.
"कुठला?" त्यांनी विचारलं.
दाखवला, तरी त्यांना सापडेना.

पावती मी खालच्या खणात ठेवली आहे,
तिथे अठरा घड्याळं आहेत,
चिठ्ठ्यांवर नावं, तारखा, मजुरी.
सगळी दुरुस्त झालेली.
न्यायला कुणी आलं नाही.
सोमवारी मी त्यांना चावी देतो.